आधी उपचार, मग पोलिसांचे कागद

संपादक महोदय,

फवारणीतल्या विषबाधेवरचा आपला लेख वाचला, पटला, पण एक मुद्दा त्यात राहूनच गेला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली की असे पेशंट येतात अन् सोबतचे लोक फवारणीच्या औषधाचं नावच सांगत नाहीत, बाटली तर घरीच लपवून येतात, कारण भीती एकच की पोलीस केस होईल. अरे पण सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय की आधी जीव वाचवा, कागदपत्रं नंतर, अन् हे सरकारी-खासगी सगळ्याच डॉक्टरांना लागू आहे. कोणी जीव द्यायला स्वतःहून हे विषारी औषध घेतलं असलं तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की तो प्रचंड तणावात होता असंच धरा, खटला नाही. एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद डॉक्टरला करावी लागते, मान्य, पण हे सगळं आशाताईनं किंवा सिस्टरनं आधीच समजावलं तर बाटली सोबत येईल, नाहीतर डॉक्टर लक्षणांवरूनच अंदाज काढत बसणार. पोळ्याच्या आधी प्रत्येक पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) दारावर हे मोठ्या अक्षरात लावा.

— एक शेतकरी वाचक, आर्णी, जि. यवतमाळ