पहाटे चारचं पांघरूण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. रात्री अकराला दुलई ओढून झोपतोस, एकच्या सुमारास ती लाथेनं खाली जाते आणि पहाटे चारला अंगाचं मुटकुळं करून जागा होतोस. आता आणखी जाड दुलई घ्यावी का, असं विचारलंयस. घेऊ नकोस. एकचा उकाडा तिनं वाढेल आणि चारची थंडी तशीच राहील, कारण त्या वेळी ती जमिनीवरच पडलेली असेल.

झोप लागते त्या वेळी शरीर आतली उष्णता उतरवत असतं. हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथून उष्णता बाहेर पडते. तेव्हा अंगावर जाडजूड काही असलं की उष्णता कोंडते, घाम येतो. पुढे तापमान उतरत जातं आणि रोजच्या जाग येण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास ते सर्वात खाली असतं. त्यातच पहाटेकडे स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढतो, आणि त्या झोपेत घाम येणं, कुडकुडणं ही शरीराची स्वतःची सोय फार मंदावते. म्हणजे अंग सर्वात गार असतं तेव्हाच त्याला स्वतःला सांभाळणं जड जातं. अकराला आणि चारला एकच पांघरूण पुरं पडत नाही ते यामुळे. दोन-तीन पातळ थर हवेत, आणि चारचा थर अर्धवट झोपेत, डोळे न उघडता ओढता आला पाहिजे.

थर म्हणजे खरं तर अडवलेली हवा. ऊब कापसातून किंवा लोकरीतून येत नाही, त्यांच्यात अडकलेली हवा ती धरून ठेवते. दुलईची ऊब काही देशांत ‘टॉग’ या एककात सांगतात: उन्हाळ्यासाठी ४.५, मधल्या ऋतूंना ९ ते १०.५, कडक थंडीला १३.५. या आकड्यांची बेरीज करता येते. म्हणून ४.५ आणि ९ अशा दोन दुलया घेतल्या तर तीन ऋतूंची सोय होते, आणि रात्रीतून त्यातली एक बाजूला सारता येते. तुझ्याकडे टॉगऐवजी भरावाचं वजन लिहिलेलं असेल तर कृत्रिम तंतूंच्या दुलईत दर चौरस मीटरला १५० ग्रॅमपर्यंत हलकी, २०० ते २५० मध्यम आणि ३००च्या वर जाड, असं धरून चाल.

इथे एक चूक हमखास होते. फुगीर दुलईवर जड ब्लँकेट टाकलं की दुलई दबते, आतली हवा निघून जाते, आणि थर वाढवूनही ऊब हवी तेवढी वाढत नाही. जड असेल ते खाली, फुगीर असेल ते वर. पायगतीला ठेवायचा थर मात्र सगळ्यात वरचा असणार, म्हणून तो हलकाच निवड. जाळीदार विणीचं सुती ब्लँकेटही चांगलं, पण ते एकटंच सगळ्यात वर घेतलं तर भोकांतून हवा निसटते. त्याच्यावर एखादी पातळ चादर आली की ती हवा तिथेच थांबते.

रचना अशी कर. अंगाला लागून पातळ सुती चादर, फक्त पायांकडे खोचलेली. खोचण्याआधी पायगतीला ८ ते १० सेंटिमीटरची एक आडवी चुणी घाल, नाहीतर चादर पायाची बोटं दाबून धरते आणि उताणं झोपता येत नाही. तिच्यावर ४.५ची हलकी दुलई, कडेनं कुठेही न खोचता. पायगतीला दुसरा थर पंख्यासारख्या घड्या घालून ठेव. त्याची मोकळी कड उशीच्या दिशेला आणि सगळ्यात वर असू दे. एका हातानं ओढलं की तो छातीपर्यंत यायला हवा. गुंडाळी करून ठेवलास तर अंधारात टोक सापडणार नाही, आणि शोधता शोधता झोप पुरती उडेल. ही घडी पावलांवर राहते याचाही फायदा आहे. पावलं उबदार असली की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिलं. पावलांना ऊब आणि छातीवर हलकं, ही अकराची जुळणी आहे.

आता अंगाखालचं. थंडी खालूनही येते. अंगाच्या भारानं खालचे थर दबलेले असतात, म्हणून वर कितीही घेतलं तरी पाठ गार राहू शकते. गादी आणि चादर यांच्यामध्ये सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जाडीचं लोकरीचं किंवा कापसाचं अस्तर घाल. मेमरी फोमची गादी उष्णता धरून ठेवते, तिथेही हेच अस्तर घाम शोषून घेतं. संरक्षक आवरण घेणार असशील तर प्लास्टिकसारखं सळसळणारं पीव्हीसीचं घेऊ नकोस, घाम त्याच्यावर साचतो. पॉलियुरेथेन या वाफ जाऊ देणाऱ्या मऊ प्लास्टिकचा पातळ थर आणि वर सुती कापड असलेलं बरं.

घामावरूनच कापड ठरतं. सर्वसाधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के, लिनन म्हणजे जवसाच्या तंतूंचं कापड १२ आणि लोकर १६ टक्के बाष्प धरते. पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. मायक्रोफायबरच्या, म्हणजे बहुधा पॉलिस्टरच्याच बारीक तंतूंच्या, मऊ चादरीत मध्यरात्री चिकचिक होते ती म्हणून. आणि धाग्यांच्या आकड्याला भुलू नकोस. एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे मिळून २०० ते ४०० पुरेत. ८०० किंवा १००० लिहिलेलं असतं तिथे बहुतेक वेळा पिळाच्या धाग्यातला एकेक पदर वेगळा मोजलेला असतो. त्यापेक्षा वीण बघ. एक धागा वर, एक खाली अशी पर्केल वीण कोरडी, हवेशीर लागते. सॅटीन विणीत एक धागा चारांवरून जातो. ती गुळगुळीत आणि थोडी उबदार असते, पण लवकर गोळे धरते. तुला घाम येतो, तेव्हा पर्केलच.

मापात फसू नकोस. गादी १८० बाय २०० सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर जाड असेल तर गादीवर अंथरायच्या साध्या चादरीला दोन्ही बाजूंची जाडी ४० आणि खोचायला प्रत्येकी १५ धरून २५० बाय २७० लागते. सूत धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, म्हणून २६५ बाय २८५ घे. इलॅस्टिकची चादर असेल तर गादी, अस्तर आणि खाली वळायला निदान ५ सेंटिमीटर अशी तिच्या कोपऱ्यांची खोली मोज. २० सेंटिमीटरच्या गादीला ३० लागते. कोपरे रात्री निसटतात ते बहुतेक वेळा खोली कमी पडल्यामुळे. दुलई पलंगापेक्षा ५० सेंटिमीटर तरी रुंद हवी. वहिनींना तुझ्याहून जास्त थंडी वाजते म्हणतोस, तर दोन वेगळ्या दुलया घ्या. एकाच दुलईत दोघांची गरज भागवायला गेलं की दोघांचीही झोप मोडते.

उशीचं थोडक्यात: कुशीवर झोपतोस, तेव्हा दबल्यावर १० ते १४ सेंटिमीटर उरेल अशी घे, म्हणजे मान खांद्याच्या रेषेत राहील. तंतूंची उशी मधोमध दुमडून सोड. उलगडली नाही तर ती संपली.

सकाळी उठल्या उठल्या अंथरूण झाकू नकोस. रात्रभरात पेलाभर तरी पाणी अंगातून बाष्प होऊन त्यात गेलेलं असतं. पांघरूण पायगतीकडे दुमडून तासभर उघडं ठेव. चादर-अभ्रे आठवड्याला धू. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात, आणि कापड मऊ करणारं द्रावण टाळ, त्याच्या थरानं सुताची शोषण्याची ताकद कमी होते.

एक गोष्ट काळजीनं सांगतो. घरात तान्हं बाळ असेल तर ते वर्षाचं होईपर्यंत त्याच्या अंथरुणात यातलं काहीही नको, ना उशी, ना सैल पांघरूण, ना मऊ अस्तर. कडक सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर, एवढंच. थंडीला कपड्यांचा थर वाढवा.

नवीन काही आणण्याआधी घरातलीच पातळ चादर, हलकी दुलई आणि एक हलकं ब्लँकेट घेऊन तीन रात्री ही रचना करून बघ. पहाटे जाग आली तर नेमकं गार काय लागतं, पाठ, खांदे की पावलं, ते लिहून कळव. गादी कशाची आहे तेही लिही.

तुझाच,
जुना मित्र