पहिल्यांदा विचारलं की ‘हो’ म्हणा

लायडन, नेदरलँड्स, एप्रिल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल आईने तिसऱ्यांदा विचारलं, “अगं, पण तिकडे आम्ही खाणार काय?” फोनवर नीट सांगता येत नाही. मध्येच बाबांना ऐकू येईनासं होतं, मग ते फोन कानाला लावतात आणि आईचं राहून जातं. म्हणून लिहूनच पाठवतेय. शेजारच्या दादाकडून प्रिंट काढून घ्या.

आधी बॅगेचं. आई, तूप आणू नकोस. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. विमानतळावर सापडलं तर सरळ कचऱ्यात जातं, आणि तुझं घरचं साजूक तूप कचऱ्यात गेलेलं मला बघवणार नाही. ताजी फळंही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत, त्यामुळे बाबा, हापूसची पेटी नाही. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. हे वाचून कोणीतरी चिपळूणहून सोललेले नारळ घेऊन निघेल अशी मला दाट शंका आहे. कृपा करून नको, इथे मिळतात. कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि पापड मात्र भरपूर आणा.

आता खाण्याचं. सगळ्यात जड जाणार आहे ती दुपार. इथे दुपारी गरम जेवण नसतं. दोन पावाचे तुकडे, मध्ये चीज, बरोबर एखादं सफरचंद, झालं जेवण. ऑफिसात मोठमोठे साहेब डब्यातून हेच काढून दहा मिनिटांत उरकतात. सकाळीही पावच, त्यावर लोणी आणि वर चॉकलेटचे बारीक कण. त्याला ‘हाखलस्लाख’ म्हणतात, म्हणजे गारांचा मारा. पोरंच नाही, साठीचे आजोबासुद्धा खातात. बाबा, तुम्ही साखरेच्या गोळ्या घेता हे लक्षात ठेवून बघायचं फक्त. गरम जेवण संध्याकाळी सहाला, घड्याळ लावावं तसं. आपण आपलं दुपारी वरणभात लावू, त्याची काळजी नको.

खरी शिकवणी हवीय ती दुसऱ्याच गोष्टीची. इथे आग्रह नसतो. मुळातच नसतो. माझ्या पहिल्या वर्षी ऑफिसातल्या एकीने घरी बोलावलं होतं. तिने विचारलं, “सूप घेणार?” मी आपल्या सवयीने म्हटलं, “नको नको, राहू दे.” ती “बरं” म्हणाली आणि भांडं आत घेऊन गेली! मी वाट बघत बसले की आता पुन्हा विचारेल. तिने नाही विचारलं. माझ्यासमोर सगळ्यांनी सूप प्यायलं आणि मी घरी येऊन रात्री दहाला मुगाची खिचडी टाकली. त्या बिचारीची काही चूक नव्हती. माझ्या ‘नको’चा अर्थ तिने नको असाच घेतला. तेव्हा आई, पहिल्यांदा विचारलं की ‘हो’ म्हण. दुसरी वेळ येत नाही.

कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. एकच. डबा पुढे करतात, आपण एक उचलायचं, की झाकण बंद. समोरच्या आजींनी तुम्हाला मंगळवारी साडेदहाला कॉफीला बोलावलंय (हो, वार आणि वेळ ठरवून, तीन आठवडे आधी). डबा पुढे आला की मोठ्यातलं मोठं बघून घ्या.

आई, तू माळ घातल्यापासून बाहेरचं खाताना दहा प्रश्न विचारतेस, तेही सांगते. चीज म्हणजे नुसतं दूध असं समजू नकोस. पुष्कळशा चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. त्याशिवाय केलेलीही असतात, वेष्टनावर तसं छापलेलं असतं, ती मी आणून ठेवेन. आमच्या लायडनचं म्हणून जे चीज प्रसिद्ध आहे त्यात चक्क जिरे असतात. उत्तरेकडच्या फ्रीसलँडमध्ये लवंगा घालतात. बुधवारी आणि शनिवारी कालव्याच्या काठाने बाजार भरतो, तिथे चीजवाला सुरीच्या टोकावर चव देतो. बटाट्याच्या फ्राईजचंही तसंच. बहुतेक जण तेलात तळतात, पण काही ठिकाणी बैलाची चरबी वापरतात, म्हणून विचारून घ्यायचं. आणि वर मेयोनीज घालतात, त्यात अंडं. तुझ्यासाठी नुसते मीठ लावून.

ताक मात्र मिळतं! ‘कार्नेमेल्क’ म्हणतात, दुकानात लिटरच्या खोक्यात. आपल्यापेक्षा दाट, मीठबीठ काही नाही. मी हिंग-जिरं लावून पिते आणि ऑफिसात कोणाला सांगत नाही.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावर मुलगी झाली. बघायला गेले तर हातात खडखडीत टोस्ट दिला, त्यावर लोणी आणि वर गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. चावले तर बडीशेप! म्हणजे तिच्याच जातीचं बी, साखरेत घोळवलेलं. वर बारीक शेपटीसारखी काडी दिसते म्हणून त्याला ‘माउशेस’, म्हणजे उंदरांची पिल्लं, म्हणतात. मुलगा झाला तर निळ्या गोळ्या. हे बी का, तर बाळंतिणीला दूध येतं अशी जुनी समजूत. मला एकदम तुझ्या बाळंतशोपांची पुडी आठवली आणि मी तिथेच हसत सुटले. कोणाला कळेना काय झालं.

बाबा, तुमच्यासाठी मासा राखून ठेवलाय. जूनच्या मध्याला नवा हेरिंग येतो, तो गाडीवर उभं राहून खायचा. शिजवत नाहीत, पण अगदी कच्चाही नसतो. पोट साफ करून मिठात मुरवलेला असतो, आणि जंत राहू नयेत म्हणून उणे 20 अंशाला किमान 24 तास गोठवलेला. वर बारीक चिरलेला कांदा. जुनी माणसं शेपटीला धरून, मान वर करून तोंडात सोडतात, बरेच जण तुकडे करून घेतात. बांगड्यासारखाच तेलकट, लोण्यासारखा मऊ. तुम्ही म्हणाल तिखट-मीठ लावून तव्यावर टाकला असता तर… मीही म्हटलं होतं. तिसऱ्या खेपेला मला आवडायला लागला.

एका गोष्टीला मात्र हात लावायचा नाही. ‘ड्रॉप’ नावाच्या काळ्या गोळ्या इथे प्रत्येक दुकानात, प्रत्येकाच्या खिशात. ज्येष्ठमधाच्या असतात, आणि ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो. त्यातही खारट जात असते, तिच्यात नवसागर घालतात. हो, आपला कल्हईवाला भांड्यात टाकायचा तोच. पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हा मला अंगणातला तो पांढरा धूर, काळा कापूस आणि वाड्यातली पितळी पातेली दिसली. मी कागदात थुंकली. इथल्यांना वाटतं, पाहुण्याला ही गोळी देऊन त्याचं तोंड बघणं हीच मोठी करमणूक. तुम्हाला देतीलच. ‘हो’ म्हणायचा नियम इथे लागू नाही.

बटाटा, गाजर, कांदा एकत्र घोटून ‘हुट्सपॉट’ करतात. तो थंडीचा, मे-जूनमध्ये फारसा दिसणार नाही. 1574 मध्ये स्पॅनिश वेढ्यातून लायडन सुटलं, त्याची आठवण म्हणून दर 3 ऑक्टोबरला अख्खं गाव तो खातं. मला विचाराल तर फोडणी न दिलेली भाजी. पण ‘पोफर्चेस’ खाऊ घालीन. गव्हाच्या आणि कुट्टूच्या पिठाचे छोटे आप्पे, त्यांचं पात्रही अगदी आपल्यासारखं खळग्यांचं. वर लोणी आणि पिठीसाखर. आपल्या घरी मी त्यातच तांदळाचे आप्पे घालते, तेव्हा बिडाचं आप्पेपात्र आणू नकोस. वजन वाढवू नकोस, आई.

आणि एक दिवस आगगाडीने हेगला जायचं, पंधरा मिनिटं लागतात. तिथे सुरीनामी लोकांची दुकानं आहेत. सुरीनाम ही दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत होती. 1873 मध्ये ‘लाला रूख’ जहाजातून बिहार आणि आताच्या उत्तर प्रदेशाकडचे मजूर तिथे नेले, आणि 1975 मध्ये देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला त्यांचे पुष्कळ वंशज इथे आले. डच बोलतात, घरी भोजपुरीच्या वळणाची सरनामी. त्यांची रोटी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळी समज. आत वाटलेली पिवळी डाळ, बाजूला मसाल्याचा बटाटा आणि हातभर लांब चवळीच्या शेंगांची भाजी. अंडं आणि कोंबडी नको म्हणून सांगता येतं. त्यांचा ‘बारा’ म्हणजे आपला वडाच, उडदाच्या पिठात अळूच्या जातीची पानं चिरून घातलेला. गल्ल्यावरच्या मावशींनी पहिल्या दिवशी मला पाहून विचारलं, “हाथ से खइबू?” इतक्या वर्षांत या देशात कोणी मला विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न तो. मी काटा परत केला.

बाकी भेटीत. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत.

तुमची लेक

ता. क. समोरच्या आजींना आपल्याकडे रविवारी जेवायला बोलावलंय. त्यांना आधीच सांगून ठेवलंय की माझी आई वाढायला उभी राहिली की पानावर आडवा हात धरायचा, नुसतं ‘पुरे’ म्हणून भागत नाही. त्यांना वाटतंय मी चेष्टा करतेय.