मंग्या, आधी झोप

प्रिय मंग्या,

'इथे कुणाला माझी गरज नाही आणि आता मलाही कुणी नकोसं झालंय.' रात्रपाळी नसताना, सुट्टीच्या दिवशीही पहाटे साडेतीनला जागा राहून तू हे लिहिलंस, ते डोक्यातून जात नाहीये. फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

गणपतीत तू आलास तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आरतीला झांजा नेहमी तुझ्या हातात. यंदा तू दारापाशी, चपलांच्या शेजारी उभा. काकूंनी प्रसादाचा हात पुढे केला तर अर्धं पाऊल मागे सरकलास. आईला वाटलं, रागावलाय. मला तुझे तांबारलेले डोळे दिसले.

2018 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एटी बेन सायमन आणि मॅथ्यू वॉकर यांनी 18 तरुणांना एकदा पोटभर झोपू दिलं, एकदा रात्रभर जागवलं. मग समोरून चालत येणाऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवून सांगितलं, फार जवळ आला असं वाटलं की थांबवा. जागरणानंतर त्याच मुलांनी त्याला जास्त लांबच थांबवलं. पुढचं वाचून तर मी अस्वस्थ झालो. त्या मुलांचे बोलतानाचे व्हिडिओ हजारावर अनोळखी लोकांना दाखवले. कोण जागलंय हे ठाऊक नसतानाही त्यांना जागरण झालेलाच एकाकी वाटला, त्याच्यात मिसळावंसं वाटेना. आणि बघणाऱ्यांनाही एकटं वाटू लागलं. तू मागे सरकतोस, म्हणून लोक सरकतात, आणि तुला वाटतं तूच त्यांना नकोस.

उलटही होत असावं, एकटेपणानं झोप मोडत असावी. अमेरिकेतल्या हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं शेत, जेवण, सगळं सामाईक. तरी त्यांच्यात ज्यांना जास्त एकटं वाटायचं, त्यांची झोप रात्रीतून जास्त वेळा मोडायची.

तुझं सगळं दुखणं झोपेचंच आहे असं मी म्हणत नाही. घर लांब, भाषा वेगळी, हे आहेच. पण सुरुवात झोपेपासून कर. साहेबाकडे दिवसपाळी माग. मिळेपर्यंत सकाळी घरी येताना गॉगल लाव, खिडकीला जाड पडदा लाव, पाळीच्या उत्तरार्धात कॉफी नको. ती निम्मी उतरायलाच साधारण पाच तास लागतात. तरीही झोप आली नाही तर डॉक्टरांकडे जाऊ, मी सोबत येईन. आणि पहाटे तीनला कोण आपलं, कोण परकं, याचा निकाल लावत बसू नकोस.

शनिवारी बंगळूरला येतोय. दुपारी पोचेन. झोपला असलास तर उठू नकोस, किल्ली वॉचमनकडे ठेव.

तुझाच,
अव्या