'रुजले' नव्हेत, नेऊन टाकलेले

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला तातारांवरचा लेख वाचला. मराठीत या विषयावर कुणी लिहितंय याचा आनंदच झाला असता, पण मथळ्यातच 'उझबेकिस्तानात रुजलेले तातार' आणि आत 'स्थलांतर'! १८ मे १९४४ च्या पहाटे काळ्या समुद्रावरच्या क्रिमिया द्वीपकल्पात सोव्हिएत शिपाई दारात उभे राहिले, सामान बांधायला कित्येकांना जेमतेम १५ मिनिटं मिळाली आणि तीन दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार क्रिमियन तातार मालगाड्यांत कोंडून हलवले, बहुतेकांना उझबेकिस्तानात. आरोप काय, तर अख्खी जमात जर्मनांना फितूर. लाल सैन्यात लढणाऱ्यांच्या घरच्यांनाही सोडलं नाही. याला स्थलांतर म्हणायचं?

१९९४-९५ मध्ये मी नोकरीनिमित्त ताश्कंदला होतो. माझ्या घरमालकीणबाई त्या गाडीतून आल्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. आजूबाजूला सगळे हिरवा चहा पिणारे. या मात्र रोज सकाळी पितळी हातचक्कीत कॉफी दळायच्या. चक्की आईची. त्या घाईत आईच्या हाताला पिठाची पिशवी लागायची ती चक्की लागली, आणि वाटेत धाकटा भाऊ गेला तेव्हा आई त्या चक्कीलाच दोष देत रडली. एकदा मी सहज म्हणालो, "आता तुमचं गाव ताश्कंदच की." त्यांनी दळणं थांबवलं. "माझं गाव क्रिमियात, बख्चिसरायजवळ आहे. नकाशात त्याचं नाव बदललंय, एवढंच." आपण असं बोललो याची मला आजही लाज वाटते.

म्हणून 'रुजले' हा शब्द मला लागला. १९६७ च्या सोव्हिएत फर्मानाने फितुरीचा ठपका काढला, पण 'पूर्वी क्रिमियात राहणारे तातार' आता उझबेकिस्तानात रुजले आहेत, असं त्यातच लिहून ठेवलं. रुजलेल्यांना परत कशाला जायचंय? 'क्रिमियन' हा शब्दही काढून घेतला. बाईंच्या पासपोर्टावर नुसतं 'तातार' होतं. परतीची वाट मोकळी व्हायला १९८९ उजाडलं. त्या फर्मानातला शब्द तुमच्या मथळ्यात यावा?

फोटोही कझानच्या मशिदीचा छापलात. कझान व्होल्गाकाठी, क्रिमियापासून हजारावर किलोमीटर दूर. तिथल्या तातारांची भाषा वेगळी, इतिहास वेगळा. ताश्कंदमध्ये तेही आहेत, पण त्यांतले बरेचसे आपणहून आलेले. लेखकाने दोघांची सरमिसळ केली आहे.

कृपया दुरुस्ती छापावी. आणि गेल्या खेपेसारखं माझं पत्र तीन ओळींवर आणू नये. कापणं भागच असेल तर १८ मे ही तारीख तेवढी ठेवा.

– एक वाचक, नाशिक