अंगाला लावलेलं, अंगानं सोडलेलं

प्रिय दोस्ता,

कॅनव्हास सोडून माणसांच्या अंगाला काय फासत बसली आहेस, असं तू विचारलंस. कुणी इतकं थेट विचारलं की मला आधी राग येतो आणि मग उत्तर सुचायला लागतं. पत्र लांबणार आहे, तेव्हा निवांत बसून वाच.

आमच्या कॉलेजात त्वचेला सगळे ‘सरफेस’ म्हणतात. भिंत, कागद, कापड, कातडी, सगळं एका ओळीत. मला ते पटत नाही. कागद गप्प बसतो. कातडी घाम सोडते, तेल सोडते, ताणली जाते, लाल होते आणि वरून सतत झडत राहते. खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणजे आज मी तुझ्या दंडावर रेघ ओढली, तर दीड महिन्यानं रेघ सोड, ती जिच्यावर ओढली ती कातडीसुद्धा उरलेली नसेल. अशा जागी चित्र काढायचं तर नुसतं चित्र ठरवून भागत नाही, ते किती काळासाठी हेही ठरवावं लागतं. माझं सगळं काम सध्या या एका गोष्टीभोवती फिरतंय.

सुरुवात गेरूपासून केली, कारण त्याहून जुनं साहित्य मिळणं कठीण. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे 1,00,000 वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले. त्यांत गेरू, कोळसा आणि हाडांतली चरबी एकत्र कालवलेली होती. ते मिश्रण अंगाला लावायचे की आणखी कशाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी आपली चरबीऐवजी तेल घेऊन हातावर लावून बघते. पाण्यात भिजवलेला गेरू वाळला की कोपर वाकवताच तडे जातात आणि पापुद्रे गळतात. तेलातला टिकतो, पण बाहीला, खुर्चीला, वहीला लागत फिरतो. मला खरं तर तडेच जास्त आवडले. कोपर कुठे वाकतं हे ते माझ्या पेन्सिलीपेक्षा अचूक दाखवतात.

मेंदीची गोष्ट वेगळी. तिच्यातलं लॉसोन हे द्रव्य त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं, म्हणून तो रंग धुऊन जात नाही, झडून जातो. तळहातावर आणि तळपायावर हा थर सगळ्यात जाड, म्हणून तिथे गडद चढते. त्याच हाताच्या मागच्या बाजूला फिकी. मी मेंदीचा एकच कोन घेऊन तळवा, मनगट, पोट, पाठ अशा ठिकाणी एकसारखे ठिपके काढले आणि रोज फोटो घेतले. कॅलेंडर करून भिंतीला लावण्याजोगी ही मालिका नाही, पण शरीराच्या जाडीचा नकाशा त्यातून आपोआप तयार होतो. आणि हो, ‘काळी मेंदी’ म्हणून जे काही मिळतं त्याच्या वाटेला जाऊ नकोस. त्यात बहुतेक वेळा केसांच्या कलपातलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं फोड येतात, डाग राहतात आणि पुढे आयुष्यभर कलपाचीही ॲलर्जी मागे लागू शकते.

गोंदण मी करत नाही. दुसऱ्याच्या अंगावर कायमचं काही करण्याइतका माझा हात अजून बसलेला नाही. वाचन मात्र भरपूर चालू आहे. 1991 साली आल्प्समधल्या बर्फात सापडलेला ओत्झी नावाचा गोठलेला माणूस तुला आठवत असेल, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर 61 गोंदणखुणा आहेत, बऱ्याचशा साध्या रेघा, आणि त्यांतल्या कितीतरी कंबर, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या जागी. तो उपचार असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. सजावट कुठे संपते आणि औषध कुठे सुरू होतं, हे त्या माणसाला तरी सांगता आलं असतं का कोण जाणे! शाई टिकते कशी, हे तर आणखी मजेदार. सुई ती झडणाऱ्या थराच्या खाली नेऊन सोडते. तिथल्या रोगप्रतिकारक पेशी तिला शत्रू समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत. 2018 साली उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की अशी पेशी मेली की सुटलेली शाई शेजारची नवी पेशी गिळते. कायमचं म्हणतात ते हे असं, रोज नव्यानं पकडून ठेवलेलं.

मग मी अंगावरून उलट अंगाकडे वळले, म्हणजे कातडीचा ठसा बाहेर काढायला लागले. दातांच्या मापासाठी वापरतात ते अल्जिनेट यासाठी फार छान. समुद्रशेवाळातून येतं, काही मिनिटांत थिजतं आणि रंध्रंसुद्धा उचलतं. मात्र सुकलं की आक्रसतं, त्यामुळे लगेच आत प्लास्टर ओतावं लागतं. प्लास्टर थेट अंगावर जाड थरात कधीच ओतायचं नाही. घट्ट होताना ते इतकं तापतं की भाजतं. सिलिकॉननं ठसा घेताना लेटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे, हातमोजे घालायचे नाहीत, कारण त्यातल्या गंधकानं प्लॅटिनमच्या मदतीनं घट्ट होणारं सिलिकॉन घट्ट न होता चिकटच राहतं. असले बारीकसारीक नियम आता माझ्या वहीत चित्रांपेक्षा जास्त आहेत.

लेटेक्सवर मात्र माझा जीव जडलाय. अमोनियाचा वास डोक्यात जातो, अंगावरचे केस उपटले जातात, पावडर लावली नाही तर ते स्वतःलाच चिकटून बसतं, तरीही. हायडी बुखर ही स्विस कलावंत 1970 च्या दशकात खोल्यांच्या भिंतींवर जाळीचं कापड आणि लेटेक्स लावून ते सालीसारखं सोलून काढायची. भिंतीलाही कातडी असते असं वाटावं, असं काम. ईवा हेस या जर्मन-अमेरिकन शिल्पकार बाईनं 1960 च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या लेटेक्सच्या कलाकृती आता तपकिरी, कडक होत चालल्या आहेत, आणि संग्रहालयांना त्या सांभाळणं जड जातंय. आमच्या एका सरांच्या मते हा माध्यमाचा दोष आहे, प्रदर्शनात टिकाऊ तेच ठेव. मी त्यांच्याशी वाद घातला. म्हातारं न होणारं साहित्य घेऊन त्वचेबद्दल काय बोलायचं?

आता कामाचं. मला तुझ्या गुडघ्यावरचा व्रण हवाय. सायकलवरून पडल्याचा तो. व्रणात केस नसतात, घर्मग्रंथी नसतात, भोवतालच्या बारीक रेषाही त्याच्या कडेशी येऊन थांबतात. शरीरानं स्वतःच्या साहित्यानं केलेलं काम आहे ते, आणि माझ्या मालिकेत नेमकी तीच जागा रिकामी आहे. तू तो झाकून ठेवतोस हे मला माहीत आहे, म्हणून समोरासमोर न विचारता पत्रात विचारतेय.

हो म्हणालास तर अल्जिनेट वापरेन, लेटेक्स नाही. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघू, खाज आली तर विषय संपला. केस काढून येऊ नकोस, नुकताच वस्तरा फिरवलेल्या कातडीला चुरचुरतं. मी व्हॅसलीन लावेन. फोटोत चेहरा येणार नाही आणि खाली नाव लिहायचं की नाही, ते तू ठरव. नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही. पण काय ते महिनाअखेरीच्या आत कळव, प्लास्टरचा ठसा सुकायलाही वेळ लागतो.

तुझीच,
रंगारीण