जाहिरातीतलं 22 चं ॲव्हरेज घोडबंदरला का मिळत नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी नवीन गाडी घेतली की पहिली टाकी संपल्यावर ठरलेला प्रश्न येतो, कंपनी लिटरला 22 किलोमीटर सांगते मग मला 12 च का पडतंय, गाडीत फॉल्ट आहे का? मग कुणी म्हणतं कंपनी फसवते, कुणी म्हणतं पंपवाला कमी टाकतो, कुणी म्हणतं तुझा पाय जड आहे. गाडी बहुतेक वेळा चांगलीच असते. पण समोरच्याला ते पटत नाही आणि तो सर्व्हिस सेंटरला फेऱ्या मारत बसतो, तिथे त्याला इंजेक्टर क्लीनिंग, ॲडिटिव्ह असलं काय काय गळ्यात मारतात. आमच्या शेजारच्यांनी असेच दोन-चार हजार घालवले, ॲव्हरेज होतं तिथेच राहिलं. याचा मला खरंच राग येतो म्हणून हे पत्र.

हा 22 येतो कुठून ते कुणी नीट सांगतच नाही. आपल्याकडे गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत टेस्ट होते, पण त्यासाठी ती रस्त्यावर नेत नाहीत, रोलरवर उभी करतात, पुढे मोठा पंखा, खोलीचं तापमान 20 ते 30 डिग्रीच्या मधे, एसी बंद, आणि ड्रायव्हरसमोर स्क्रीनवर एक रेषा असते त्या रेषेप्रमाणे स्पीड ठेवायचा. सगळं मिळून 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटंही नाहीत, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर आणि जास्तीत जास्त स्पीड 90. पेट्रोल किती लागलं तेसुद्धा टाकीवरून बघत नाहीत, सायलेन्सरमधून आलेला गॅस पिशव्यांमधे गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून हिशोब काढतात. पद्धत अचूक आहे. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तमच, सगळ्यांना एकच पेपर. आपली गाडी आपल्याला काय देईल हे मात्र तो सांगत नाही, आणि शोरूममधे तो त्याच अर्थाने सांगितला जातो.

त्या टेस्टमधे शहराचा भाग आहे, नाही असं नाही. पण त्यात 0 वरून 50 ला जायला 26 सेकंद घेतात! तीन हात नाक्याला सिग्नल सुटल्यावर एवढी हळू गाडी काढून बघा, मागून रिक्षा-टेम्पोवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करतील. टेस्टमधे 50 पर्यंत एकदा पोचलं की गाडी काही सेकंद तरी त्याच स्पीडला निवांत चालते, आपल्याकडे कासारवडवली ते माजिवडा सकाळी 20 वर गेली की लगेच ब्रेक, परत 15, परत ब्रेक, त्यात मेट्रोचं काम, सर्व्हिस रोडवरून मधे घुसणारे आणि गायमुखकडून येणारे कंटेनर. गाडी उचलायला सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं आणि ब्रेक मारला की त्यातून मिळालेला वेग ब्रेक पॅडमधे उष्णता होऊन वाया जातो, म्हणजे जितक्या वेळा थांबाल तितक्या वेळा तेच पैसे परत भरायचे. उभ्या उभ्या छोटं पेट्रोल इंजिनसुद्धा तासाला अर्धा-पाऊण लिटर खातं, एसी लावला की अजून वाढतं, आणि त्या वेळात किलोमीटर शून्य. आणि मे महिन्यात ठाण्यात एसी बंद ठेवून ऑफिसला कोण जाणार आहे? तीच गाडी रविवारी सकाळी पाम बीचला किंवा अटल सेतूवर 80 ला धरून चालवा, आरामात 19-20 दाखवते. म्हणून म्हणतो फॉल्ट गाडीत नाही.

हल्ली सगळं खापर पेट्रोलमधे मिसळलेल्या इथेनॉलवर फुटतं, तेही पूर्ण बरोबर नाही. लिटरमागे इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते हे खरं, आणि 2021 च्या नीती आयोगाच्या अहवालातच लिहिलंय की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई10 वर (10 टक्के इथेनॉल) सेट केलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई20 वर (20 टक्के इथेनॉल) 6-7 टक्क्यांनी कमी होऊ शकतं. ते नुकसान गाडीमालकाच्या खिशातून जातं, त्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण 6-7 टक्क्यांनी 22 चे साडेवीस होतील, 12 नाही होणार. बाकीचं सगळं ट्रॅफिक, एसी, आणि स्टेशनपर्यंत सोडायच्या छोट्या फेऱ्या ज्यात इंजिन गरम व्हायच्या आत बंद होतं.

दुसरीकडे काय करतात बघा. अमेरिकेत 2008 च्या मॉडेलपासून टेस्टमधे एसी चालू, जास्त स्पीड आणि थंडी असं सगळं धरलं जातं. युरोपने 2017 मधे जुनी टेस्ट टाकून नवी लांब टेस्ट आणली, 1800 सेकंदांची. तरी युरोपियन कमिशनने गाड्यांमधल्याच मीटरची माहिती गोळा करून 2024 मधे सांगितलं की पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा साधारण 20 टक्के जास्त इंधन पितात. म्हणजे फरक पूर्ण जाणार नाहीच, पण 20 टक्के कुठे आणि आपला जवळपास दुप्पट खर्च कुठे!

आणि हा खर्च किती ते हिशोब करून बघा, महिन्याला 1000 किलोमीटर रनिंग असेल तर 22 ने साधारण 45 लिटर, 12 ने 83 लिटर. पेट्रोल शंभरच्या वर आहे म्हणजे दर महिन्याला चार हजाराच्या आसपास जास्त, आणि माणूस ईएमआय ठरवतो तो शोरूममधे सांगितलेल्या 22 वर.

उपाय अवघड नाहीये. 1 एप्रिल 2023 पासून बीएस6 या धुराच्या सरकारी नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात गाडीचा धूर खऱ्या रस्त्यावर मशीन लावून तपासतात. धुरासाठी रस्त्यावर जाता येतं तर ॲव्हरेजसाठी का नाही? इलेक्ट्रिकमधे तर टाटांनी स्वतःहून सुरुवात केलीये, 2024 मधे कर्व्ह ईव्ही आणली तेव्हा मोठ्या बॅटरीला टेस्टचा आकडा 585 किलोमीटर दिला, पण सोबत प्रत्यक्षात 400 ते 425 मिळतील असंही सांगितलं. मग पेट्रोल गाडीच्या जाहिरातीत ‘शहरात, एसी लावून’ असा दुसरा आकडा तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापायला काय हरकत आहे?

रस्ते वाहतूक मंत्रालयाने हे सक्तीचं करावं. शोरूममधे काचेवर लावलेलं असू दे, ऑनलाइन जाहिरातीत असू दे, आणि सेल्समनने फक्त मोठा आकडा सांगून गाडी विकली तर ग्राहकाला तक्रार करता यावी. माझी हीच मागणी आहे, आणि तुमच्या पेपरने ती लावून धरावी ही मनापासून विनंती.

आपला नियमित वाचक,
कासारवडवली, ठाणे (प.)