नाक ठेचलेल्या गाडीबद्दल

प्रिय मित्रा,

अपघातात तुला खरचटलंसुद्धा नाही, हे तू फोनवर तीनदा सांगितलंस तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. गाडीचं मात्र तू एका वाक्यात संपवलंस, "भंगारात घालतो, एवढ्या जुन्या गाडीवर कोण खर्च करणार?" हा निर्णय आठवडाभर थांबव, एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय.

तू पाठवलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. बंपर लोंबतोय, बॉनेट मधोमध दुमडून वर आलंय, डावा हेडलाइट आत गेलाय. पाहून पोटात कालवतं, खरं आहे. पण यातलं जवळजवळ सगळं बोल्टवर बसवलेलं असतं. काढायचं आणि दुसरं लावायचं. गाडी वाचणार की नाही हे ठरतं त्याच्या मागे, जिथे बोल्ट संपतात आणि वेल्डिंग सुरू होतं.

आधी एक विनवणी: इंजिन चालू करून बघू नकोस. "चालू होतंय का ते तरी बघू" असं सगळ्यांनाच वाटतं. पण रेडिएटर मागे सरकला असेल तर पंख्याचं पातं त्यात घुसतं. आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, वाहून गेलेलं असेल तर थोड्याच वेळात इंजिन इतकं तापतं की हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट जातं. धडकेने झालं नाही ते नुकसान आपल्या हाताने होतं. गाडीखाली कूलंट सांडलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन टाक. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेव. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हातसुद्धा लावू नकोस.

आता मोजमाप. माझ्या गाडीच्या वेळी मी नेमकं इथेच चुकलो होतो. मी पहिल्यांदा बॉनेट घेतलं, रंगवूनही आणलं, आणि बसवायला गेलो तर एका बाजूला बोट जाईल एवढी फट आणि दुसऱ्या बाजूला पत्रा फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, चढलेला. बॉनेटचा काही दोष नव्हता. ते ज्यावर बसतं ती रेडिएटरची चौकटच तिरकी झाली होती. नवा रंग माझ्या डोळ्यांदेखत खरवडला गेला. म्हणून सांगतो, पहिला खर्च मोजपट्टीचा कर.

बॉनेट उघड. डाव्या शॉकअपच्या वरच्या टोकाचा एक बोल्ट धर आणि तिथून चौकटीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यातल्या भोकापर्यंत टेप ताण. मग तेच उलट, उजव्या बोल्टपासून डाव्या भोकापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. माझ्या गाडीत 14 मिलिमीटरचा फरक आला होता; दोन-तीन मिलिमीटर असता तर मी निश्चिंत झालो असतो. टेप मध्ये कशालाही टेकता कामा नये, नाहीतर माप खोटं येतं. मग टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंच्या लांब पेटीसारख्या दांड्या बघ, ज्यांच्यावर इंजिनाचा सगळा पुढचा भाग तोललेला असतो. त्यांवर घडी पडलीय का, सांध्यातलं सीलंट तडकलंय का, रंगाचे पोपडे निघालेत का? पुढचे दरवाजे पूर्वीसारखे सहज लागतात का?

घडी फक्त टोकाला असेल तर घाबरू नकोस. धक्का पिऊन दबण्यासाठीच ते टोक असतं. पण शॉकअपची जागाच हलली असेल, किंवा एअरबॅग फुटली असेल, तर मीच तुला म्हणेन की सोड. एअरबॅगबरोबर बेल्ट ओढणारी यंत्रणाही बहुधा उडालेली असते. वापरलेली एअरबॅग बसवून किंवा डॅशबोर्डवरचा दिवा फसवून ती गाडी घरच्यांना चालवायला द्यायची, हे मला पटत नाही.

चौकट ओढून सरळ करायचं काम मात्र डेंटरलाच दे. साखळी लावून ओढताना ती तुटली तर माणसाचा जीव जातो. पण बंपर, दिवे, रेडिएटर, बॉनेट सगळं आपण आधीच उतरवून ठेवायचं, म्हणजे तो फक्त ओढण्याचे आणि वेल्डिंगचे पैसे घेईल. ज्या दिशेने मार बसला त्याच्या उलट दिशेने, थोडं थोडं, आणि किंचित जास्तच ओढावं लागतं, कारण पत्रा सोडला की परत फिरतो. दांड्या गॅसने लाल करून वाकवायला लागला तर त्याला थांबव. तापवलेलं पोलाद मऊ पडतं, पुढच्या धडकेत ते हवं तसं दबत नाही. ओढून झाल्यावर पुन्हा टेप लाव. माझा फरक तीनवर आला होता.

सामान जुनं चालेल. मागून धडक बसून भंगारात गेलेली तुझ्याच मॉडेलची गाडी शोध. तिचं नाक शाबूत असतं. बॉनेट, बंपर, त्यामागची लोखंडी पट्टी, दिवे, चौकट असं एकाच गाडीचं घेतलं की ते एकमेकांत नीट बसतं, आणि रंग जुळला तर रंगकाम वाचतं. रेडिएटर मात्र नवाच घे. तिथे वाचवलेला पैसा इंजिनात जातो. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) फुटला असेल तर नळ्यांची तोंडं लगेच प्लॅस्टिकने बांध, आत दमट हवा शिरते. एसी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू शकतो. रंगही थांबू शकतो.

बॉनेटचं लॉक थांबू शकत नाही. ते वाकलेलं असेल तर ठोकून सरळ करू नकोस, बदल. बसवल्यावर बॉनेट उघडंच ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॉकची जीभ दाब. दोन वेळा टक् असा आवाज यायला हवा. मग आतून केबल ओढ, जीभ सुटली पाहिजे. त्यानंतरच बॉनेट लाव, पुन्हा केबल ओढ आणि हाताने वर उचलून बघ. लॉकच्या दुसऱ्या आकड्याने (हुकने) ते धरून ठेवलं पाहिजे. मी हे दहा वेळा केलं होतं. भर वेगात बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोरचा रस्ताच नाहीसा होतो.

दिवे शेवटी. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करायची. दिव्यावर एक टक्का (झोत किती खाली झुकावा त्याचं प्रमाण) असं छापलेलं असेल तर लो बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली पडायला हवी. आणि पहिल्या फेरीआधी चाकांची अलाइनमेंट.

मी रविवारी येतो. तोवर बंपरचे बोल्ट आणि क्लिपा काढून वेगवेगळ्या डब्यांत ठेव, प्रत्येक डब्यावर कुठले ते लिही, आणि काढण्याआधी फोटो घे. बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ ओढ. टेप मी आणतो, दुसरं टोक धरायला तू हवास.

तुझाच,
जुना सोबती